विश्लेषण : जुन्या तबकडीचा आवाज खरोखर चांगला असतो का? माळ्यावरच्या रेकॉर्ड्स भंगारात देण्याआधी हे वाचा

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर ओतूर मागे पडले की आळेफाट्याच्या अलीकडे पिंपरी पेंढार लागते. कांदा, टोमॅटो आणि उसाचा हा पट्टा. अलीकडे त्याचे नाव बातमीत येते ते बहुतेक वेळा बिबट्यामुळे. जुन्नर-आंबेगावच्या अशा गावांत जुनी माती-लाकडाची घरे उतरवून स्लॅबची घरे बांधली जातात, तेव्हा माळ्यावरून बरेच काही खाली येते. तांब्याचे घंगाळ, पितळी समई, मोडका पाळणा आणि एखाद्या घरी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत फोनोच्या रेकॉर्ड्स, गंजलेल्या पिनांची डबी आणि वर्तमानपत्रातील चित्रांच्या कात्रणांची फुगलेली वही.

घंगाळाला गिऱ्हाईक लगेच मिळते. रेकॉर्ड्सचे काय करायचे, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते. एक जण म्हणतो, ‘सगळी गाणी यूट्यूबवर आहेत, ठेवून काय करायचे?’ दुसऱ्याच्या वाचनात आलेले असते, की रेकॉर्डच्या आवाजाला तोड नाही आणि शहरात लोक त्यासाठी हवे तेवढे पैसे मोजतात. दोन्ही म्हणणी अर्धी खरी आहेत. आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळेच चुकीची तबकडी जपली जाते आणि जपायला हवी ती भंगारात जाते.

हातात आहे ती तबकडी कोणती?

सगळ्या काळ्या तबकड्या एकाच जातीच्या नसतात. जड, जाडसर, वाजवली तर काचेसारखी टणटण करणारी आणि प्रत्येक बाजूला एकच गाणे असणारी तबकडी ही ७८ फेऱ्यांची. ती प्लास्टिकची नाही. लाखेपासून केलेल्या शेलॅकमध्ये दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ती दाबलेली असते. ही लाख जगभरच्या कारखान्यांना प्रामुख्याने भारतातूनच जात असे. हातातून पडली की तिचे दोन तुकडे होतात.

हलकी, किंचित वाकणारी, १२ इंचांची आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे चालणारी ती लाँग प्ले, म्हणजे एलपी. तिचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. सात इंचांची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी म्हणजे ईपी किंवा सिंगल. या दोन्ही व्हिनाइलच्या. कोलंबिया कंपनीने अमेरिकेत १९४८ मध्ये एलपी आणली आणि युरोप-अमेरिकेत ७८ ची सद्दी १९५० च्या दशकातच संपत आली. भारतात मात्र ती १९६० च्या दशकातही छापली जात होती. बीटल्सची गाणी ७८ च्या तबकडीवर भारतात निघाली आणि त्या तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक जीव टाकतात, ही त्यातलीच एक गंमत.

खेड्यात ७८ टिकण्याचे कारण साधे होते. चावीच्या फोनोला वीज लागत नाही. चावी दिली की आतली स्प्रिंग तबकडी फिरवते, पिनेची थरथर अभ्रकाच्या किंवा धातूच्या पडद्याला मिळते आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो. पुढे लग्न आणि जत्रांमध्ये लाऊडस्पीकरवाले आले. बॅटरीवर चालणारा अहुजाचा ॲम्प्लिफायर, झाडाला बांधलेला भोंगा आणि रेकॉर्ड्सची पेटी. त्या पेटीतल्या तबकड्या हंगामभर रोज वाजत, पिन बदलण्याचा कंटाळा केला जाई आणि खाचा झिजत. म्हणून रेकॉर्ड घरातली आहे की लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीतली, हा प्रश्न आधी विचारावा. दिवाळीपुरत्या बाहेर निघणाऱ्या रेकॉर्ड्स बहुधा अधिक चांगल्या अवस्थेत सापडतात.

खाचेत आवाज बसतो कसा?

तबकडीवर अनेक गोल रेघा दिसतात, पण खाच प्रत्यक्षात एकच असते. बाहेरच्या कडेपासून लेबलपर्यंत ती वळत जाते. बावीस मिनिटांच्या एलपीच्या एका बाजूवरील ही खाच सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. या खाचेच्या भिंती नागमोडी असतात. सुई त्यातून जाताना जशी हलते, तसा विजेचा क्षीण प्रवाह तयार होतो आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. स्टिरिओ तबकडीत खाचेच्या एका भिंतीवर डावी बाजू, दुसरीवर उजवी. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले होते, पण स्टिरिओ एलपी दुकानात यायला १९५८ उजाडले.

इथे एक अडचण आहे. खर्जाच्या आवाजाला खाच फार रुंद वळणे घेते. बायाची घुमक जशीच्या तशी कोरली तर शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार सप्तकाकडचा बारीक आवाज वाढवतात. वाजवताना ॲम्प्लिफायरने नेमके उलट करायचे. १९५४ पासून यासाठी एकच प्रमाण ठरले. त्यानुसार अगदी खालच्या टोकाला आवाज सुमारे दहापट कमी केलेला असतो. ही उलट प्रक्रिया करणारा ‘फोनो’ भाग नसलेल्या साध्या स्पीकरला टर्नटेबल थेट जोडले, तर गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे ऐकू येते. अनेकांचा रेकॉर्डवरचा विश्वास इथेच उडतो आणि दोष मात्र तबकडीच्या माथी येतो.

दुसरी अडचण गोलाईची. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरची फेरी मोठी आणि आतली लहान. त्यामुळे एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो आणि शेवटची काही मिनिटे थोडी चिरकी, थोडी मंद वाटतात. पाश्चात्त्य पॉपच्या एलपीत शेवटी एखादे संथ गाणे ठेवून हा दोष झाकता येतो. आपल्याकडे विलंबित ख्याल आधी येतो. द्रुत बंदीश, ताना आणि तराणा शेवटी. म्हणजे सर्वांत दाट, सर्वांत जोरकस गाणे तबकडीच्या सर्वांत वाईट जागी येऊन पडते. शास्त्रीय संगीताची जुनी एलपी विकत घेताना जाणकार आधी बाजूचा शेवट वाजवून पाहतात तो यासाठीच.

तीन मिनिटांत फड कसा मावणार?

पिंपरी पेंढारहून नारायणगाव फार लांब नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यामुळे तमाशाच्या जगात या गावाचे नाव कायमचे कोरले गेले. २००२ मध्ये त्या गेल्या. या भागातल्या माणसाला आवाज म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तंबूच्या मागच्या टोकाला बसूनही ढोलकीचा ठोका छातीवर जाणवतो.

दहा इंचांच्या ७८ च्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन मिनिटे मिळत. गण, गौळण, बतावणी, वग असा रात्रभर रंगणारा खेळ त्यात मावणे शक्यच नव्हते. ‘वन्स मोअर’ घेत वीस मिनिटे चालणारी लावणीही नव्हे. तबकडीवर आली ती छाटलेली लावणी. मुखडा, एक-दोन अंतरे आणि घाईने गाठलेला शेवट. पुढे चित्रपटांनी लावणीचा हाच आटोपशीर साचा घट्ट केला. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजाने ती घराघरांत पोहोचली आणि बहुतेकांच्या कानात लावणी म्हणजे तीच राहिली. त्यात वाईट काही नाही. पण तबकडीने तमाशा जपला असे म्हणताना तिने त्यातला केवढा भाग बाहेर ठेवला, हेही लक्षात ठेवायला हवे.

प्रश्न फक्त वेळेचाही नव्हता. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या हवेच्या दाबानेच मेणाच्या तबकडीवर खाच कोरली जायची. या पद्धतीत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडला जाई. माणसाचा आवाज, सारंगी, हार्मोनियम यांचा मधला भाग त्यात येई. तबल्याची, ढोलकीची घुमक गळून जाई, तुणतुण्याची धारही बोथट होई. तंबोरा तर जवळजवळ ऐकूच येत नसे. त्या काळच्या तबकड्यांवरील गायक ओरडून गातात असे आज वाटते, पण त्यांना तसे गावेच लागे. हळू गायले तर मेणावर काही उमटत नसे. विजेच्या मदतीने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि कुजबुजल्यासारखे, शब्द जपून गाणे शक्य झाले. मराठी भावगीत हे त्या मायक्रोफोनचेच अपत्य मानायला हरकत नाही. जी. एन. जोशी यांच्यासारखे गायक १९३० च्या दशकात तबकडीवरून लोकप्रिय झाले आणि जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचेच काम पाहू लागले.

कोणता आवाज राहिला आणि कोणता गेला, यात नशिबाचा वाटा किती असतो, याचे मराठीतले उदाहरण चटका लावणारे आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या अखेरीस कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेकांचे गाणे मुद्रित केले. किर्लोस्कर नाटक मंडळीतील भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या गळ्याबद्दल एका पिढीने भरभरून लिहिले, ते फेब्रुवारी १९०१ मध्येच वारले होते. दोन वर्षांहून कमी अंतर. बालगंधर्वांचा आवाज आज ऐकता येतो, भाऊरावांचा नाही.

मग एलपीचा आवाज ‘उबदार’ का वाटतो?

मोजमापाच्या पातळीवर वादाला फारशी जागा नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर उत्तम एलपीवर ६० ते ७० डेसिबल भरते, १९८२ मध्ये आलेल्या सीडीवर सुमारे ९६. सीडीत खरखर नाही, वेगाची चढउतार नाही, बाजूच्या शेवटाची चिरक नाही. माणसाला ऐकू येईल तो सगळा पट्टा तिच्यात मावतो. ‘डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात, एलपीत तो अखंड असतो’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. ते ऐकायला बरे वाटते, पण चूक आहे. नमुने घेऊन साठवलेला आवाज परत वाजवताना गुळगुळीत लहरीच बाहेर पडतात, पायऱ्या नव्हेत.

तरीही रेकॉर्ड ऐकताना सुख वाटते, हा भ्रम नाही. सुई आणि खाचेच्या घर्षणातून काही जास्तीचे सूर मिसळतात आणि ते कानाला गोड लागतात. खर्ज मधोमध आणलेला असतो, अगदी बारीक आवाज किंचित बोथट होतो. त्यातच १९९० नंतर सीडीच्या जगात गाणी अधिकाधिक मोठ्या आवाजात भरण्याची चढाओढ लागली. हळू आणि मोठा हा फरकच पुसला गेला. एलपीवर इतका आवाज कोंबला तर सुई उडते, म्हणून एलपीसाठी वेगळी, मोकळी प्रत करावी लागे. म्हणजे अनेकदा एलपी सरस ठरली ती व्हिनाइलमुळे नव्हे, त्यावर भरलेले मिश्रण अधिक शहाणपणाने केलेले होते म्हणून.

या बाबतीत अमेरिकेत २०२२ च्या जुलैमध्ये जे झाले ते कोणत्याही प्रयोगाहून बोलके आहे. ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी प्रसिद्ध होती. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४० हजार प्रती निघणार असे जाहीर झाल्यावर ॲरिझोनातील एका रेकॉर्ड दुकानदाराला शंका आली. मूळ टेपवरून इतक्या प्रती निघतील कशा? शेवटी कंपनीने मान्य केले, की २०११ पासून तिच्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत मध्ये एक डिजिटल पायरी होती. पुढे ग्राहकांनी खटला भरला आणि तडजोड झाली. मुद्दा वेगळाच आहे. ‘डिजिटल लगेच ओळखतो’ असे छातीठोकपणे सांगणारे समीक्षक आणि शौकीन अकरा वर्षे त्याच तबकड्यांची वाहवा करत होते.

याच वर्षी अमेरिकेत १९८७ नंतर प्रथमच सीडीपेक्षा एलपी जास्त खपल्या. ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. भारतातही जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या एलपी आता पुन्हा निघतात. त्या घेण्यात गैर काही नाही. मात्र त्या डिजिटल प्रतीवरून कापलेल्या असू शकतात, हे माहीत असावे.

फोनवरचे तेच गाणे मग वाईट का वाटते?

जुन्या मराठी गाण्यांबाबत गोष्ट थोडी उलटी आहे, आणि माळ्यावरच्या ट्रंकेचे मोल यातच आहे. फोनवर मिळणारी ७८ च्या काळातली अनेक गाणी कोणी तरी झिजलेल्या तबकडीवरून, चुकीच्या सुईने, कॅसेटवर उतरवलेली असतात. त्या कॅसेटवरून संगणकात. खरखर काढण्यासाठी लावलेल्या गाळणीने गायकाचा श्वास आणि हार्मोनियमची धारही काढून टाकलेली असते. मग ती फाइल आणखी दाबून लहान केली जाते. दोष डिजिटलचा नसतो, हातोहात झालेल्या नकलांचा असतो. अशा वेळी घरातली चांगली राहिलेली मूळ तबकडी खरोखरच अधिक चांगली वाजते.

सुईचे उदाहरण घ्या. ७८ ची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. एलपीच्या सुईने ७८ लावली तर ती खाचेच्या तळाशी, म्हणजे नेमकी धूळ साचलेल्या जागी घासत जाते आणि खरखर दुप्पट होते. उलट चावीच्या फोनोची पोलादी पिन एलपीवर टेकवली तर एका वाजवण्यात तबकडी निकामी. फोनोच्या डोक्याचे वजन शंभर ग्रॅमच्या वर असते, आजच्या टर्नटेबलची सुई दीड-दोन ग्रॅमने टेकते. आणि ७८ ची पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. तबकडीतील दगडाची पूड पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते. ती घासलेली पिन पुन्हा वापरली की मग ती खाच कापू लागते.

वेगाचा घोळ त्याहून मोठा आहे. ७८ हा आकडा पुढे पक्का झाला. सुरुवातीच्या तबकड्या ७० पासून ८० च्या वरपर्यंत कोणत्याही वेगाने मुद्रित झालेल्या असत. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे ७८ ऐवजी साडेब्याऐंशी झाला, की सूर अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकची काळी एक होते. जुना गायक ‘फार वरच्या पट्टीत आणि फार जलद गायचा’ असे एखाद्या तबकडीवरून ठरवण्याआधी, ती योग्य वेगाने वाजते आहे का, हे पाहावे लागते. जाणकार त्यासाठी हार्मोनियम शेजारी घेऊन बसतात. आपल्या संगीतात सतत वाजणारा षड्ज असल्याने वेगातील हेलकावे लगेच उघडे पडतात. ड्रमच्या गाण्यात जो दोष कानाआड होतो, तो तंबोऱ्यावर झोका घेतल्यासारखा ऐकू येतो. तबकडीचे मधले भोक किंचित बाजूला पडलेले असले तरी असाच झोका येतो.

आणखी एक गैरसमज. ‘हेच गाणे फोनवर आहे’ असे वाटते, तेव्हा ते हेच असेल असे नाही. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झाले, तेव्हा त्यातील ५६ गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. नंतर तबकड्यांवर घरोघरी गेले ते सुधीर फडके यांच्या आवाजातले. नाव तेच, गाणे तेच, ध्वनिमुद्रण वेगळे. नाट्यपदांबाबत तर एकाच गायकाने तेच पद वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या साथीने मुद्रित केल्याचे आढळते.

त्याच ट्रंकेतील चिंटू

रेकॉर्ड्सशेजारी कात्रणांची वही निघाली, तर पुणे जिल्ह्यात तिच्यात ‘चिंटू’ असण्याची शक्यता बरीच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशी काकू आणि सतीशदादा ही मंडळी रोजच्या चहाबरोबर वाचली जाऊ लागली. २०१२ मध्ये तिच्यावर श्रीरंग गोडबोले यांनी चित्रपटही केला.

चित्रपट्टी आणि ७८ ची तबकडी यांचे गणित सारखे आहे. एकीला तीन-चार चौकटी, दुसरीला तीन मिनिटे. त्यापलीकडे एक रेघ किंवा एक सूरही नाही. जागा आणखी कमी झाली की काय होते, हे ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’चे बिल वॉटरसन यांनी उघडपणे मांडले. वर्तमानपत्रे चित्रपट्ट्या लहान करत गेल्याने चित्र काढायलाच वाव उरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९९२ मध्ये त्यांनी रविवारची चित्रपट्टी तोडता न येणाऱ्या अर्ध्या पानावर छापण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य करून घेतला.

ई-पेपरवर ही अडचण नव्या रूपात येते. फोनच्या पडद्यावर अख्खे पान पाहिले तर चिंटूच्या तोंडचे शब्द वाचता येत नाहीत, बोटांनी मोठे केले तर एका वेळी एकच चौकट दिसते. कधी बोट घसरून शेवटची चौकट आधी दिसते आणि गंमत तिथेच संपते. चिंटूचे संग्रह पुस्तकरूपात निघाले आहेत, त्यामुळे कात्रणांअभावी चित्रे हरवणार नाहीत. वहीत जे आहे ते पुस्तकात नसते. कात्रणावरची तारीख, पाठीमागे अर्धवट कापलेला बाजारभाव, कोणी तरी पेनाने रंगवलेला चिंटूचा शर्ट. वृत्तपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन राहिलेले असते. ऊन आणि हवा लागली की ते पिवळे पडते आणि कागद कुरकुरीत होतो. प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवल्यास पावसाळ्यात ओल आत अडकते. कोरड्या जागी, अंधारात, साध्या कागदी पाकिटात ठेवणे पुरेसे आहे. लगेच फोटो काढून ठेवणे त्याहून बरे.

ट्रंकेचे काय करावे?

पत्र्याखालचा माळा ही रेकॉर्डसाठी सर्वांत वाईट जागा. उन्हाळ्यात एलपी वाकते, पावसाळ्यात पाकिटावर बुरशी येते. तबकड्या आडव्या एकमेकींवर रचू नयेत. वह्यांसारख्या उभ्या ठेवाव्यात. धुताना सर्वांत मोठी चूक होते. ७८ च्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावला की शेलॅक विरघळते आणि गाणे कायमचे जाते. थंड, स्वच्छ पाणी, मऊ कापड, लेबल कोरडे ठेवायचे आणि लगेच टिपून घ्यायचे. एलपीला दोन थेंब सौम्य साबण चालतो. खोबरेल तेल कशालाच नको, कितीही चमक आली तरी.

किमतीबाबत भ्रम ठेवू नये. गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी ढिगाने छापल्या गेल्या, त्या पुण्याच्या जुन्या बाजारात आजही दिसतात. पैसे फार मिळत नाहीत, आणि ती गाणी हरवण्याची भीतीही नाही. दुर्मीळ असतात त्या साध्या दिसणाऱ्या तबकड्या. कमी प्रतींत निघालेली पोवाड्याची, कीर्तनाची, लावणीची, विनोदी संवादांची ७८; एचएमव्हीऐवजी ओडियन किंवा मुंबईच्या ‘यंग इंडिया’सारखे लेबल असलेली. त्यांवरील नावे आज कोणाला माहीत नसतात, म्हणूनच त्या आधी भंगारात जातात.

अशी तबकडी सापडली तर ती वाजवून पाहण्याची घाई करू नये. आधी लेबलचा, दोन्ही बाजूंचा, स्पष्ट फोटो घ्यावा. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत काही आकडे-अक्षरे उमटवलेली असतात; तिरप्या उजेडात तीही टिपावीत. त्यावरून ध्वनिमुद्रण कोणते आणि साधारण केव्हाचे, हे संग्राहक सांगू शकतात. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकासाठी वर्षानुवर्षे हेच काम केले. विक्रम संपत यांनी उभारलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’वर जुन्या तबकड्या विनामूल्य ऐकता येतात. आपल्या तबकडीतले गाणे आधीच तिथे आहे का, हे फोनवरच पाहता येते.

आवाज उतरवायचा तर योग्य सुई असलेल्या माणसाकडूनच उतरवून घ्यावा. स्पीकरसमोर मोबाइल धरून नव्हे. फाइल न दाबता, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, शक्यतो २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर ठेवावी. खरखर काढलेली प्रत हवी असल्यास ती वेगळी करावी, मूळ प्रतीला हात लावू नये. आज जी गाळणी चांगली वाटते तिच्याहून चांगली दहा वर्षांनी येईल, पण गाळून टाकलेला सूर तेव्हा परत मिळणार नाही.

उतरवलेले गाणे इंटरनेटवर टाकण्याआधी कायदा पाहावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र त्या कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे १९४० ची तबकडी मुक्त झालेली असली, तरी तिच्यावरची कविता मुक्त झालेली असेलच असे नाही. घरच्यांना ऐकवायला यातले काही आड येत नाही.